छोट्या मिगवर रंग सपाट कसा बसतो?

ज्या मिग-21 विमानांसाठी 1964 साली नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला, ती विमानं 26 सप्टेंबर 2025 रोजी हवाई दलातून निवृत्त झाली. आता 1/72 प्रमाणातलं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं, मिगचं एखादं प्लास्टिक मॉडेल घरच्या टेबलावर असावं, असं नाशिककराला वाटणं साहजिक आहे. किटचे भाग जुळवणं तसं सोपं. कस लागतो तो रंगकामात.

हे मॉडेल जेमतेम 20 सेंटीमीटरचं. त्यावर रंगाचा थर 0.1 मिलिमीटर बसला, तर खऱ्या विमानाच्या हिशेबात तो 7 मिलिमीटरहून जाड झाला! पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा त्यात बुजतात आणि विमानाचं खेळणं होतं.

ब्रश फिरला की ओल्या रंगात सरी-वरंबे उठतात. ते आपल्या वजनाने खाली बसत असतील असं वाटतं. पण इतक्या बारीक अंतरात गुरुत्वाकर्षणाचं फारसं चालत नाही. काम करतो तो पृष्ठताण. द्रवाचा पृष्ठभाग कमीत कमी क्षेत्रफळ धरू पाहतो, म्हणून वरंब्यातला रंग सरीकडे ढकलला जातो. मॉडेल उलटं धरलं तरी हे होतंच.

याला किती वेळ लागतो, त्याचं गणित मला फार देखणं वाटतं. रंग दुप्पट घट्ट असेल तर वेळ दुप्पट. दोन वरंब्यांमधलं अंतर निम्मं झालं तर वेळ थेट सोळाव्या हिश्शावर येतो, कारण इथे अंतराचा चौथा घात लागतो. म्हणूनच बारीक, मऊ केसांच्या ब्रशवर खर्च केलेले पैसे वाया जात नाहीत. थराची जाडी मात्र उलटी वागते: थर निम्मा, तर वेळ आठपट. मग जाडच का लावू नये? कारण तोच पृष्ठताण धारदार कडांवरून रंग ओढून घेतो आणि खाचांमध्ये भरतो. पंखाची कड उघडी पडते, सांधे बुजतात. तेव्हा रंग पातळ करून तीन-चार हात देणं हाच खरा मार्ग. पातळ केल्याने घट्टपणा बराच उतरतो, शिवाय पाणी उडून गेल्यावर उरलेसुरले वरंबेही बुटके होतात.

हे सगळं रंग सुकायच्या आत व्हायला हवं. पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिक रंगात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना भिडतात, दबतात आणि त्यांचा सलग पापुद्रा तयार होतो. नेमक्या त्या वेळी ब्रश परत फिरवला तर पापुद्रा फाटतो. डाग डोळ्यांना कितीही खुपत असला तरी अर्धवट सुकलेल्या रंगाला हात लावू नका. पूर्ण वाळू द्या, 1200 ते 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून हलकं घासा आणि मग पुढचा हात द्या.

इथे नाशिकची हवा मध्ये येते. एप्रिल-मेच्या दुपारी हवा कोरडीठाक असते. एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या साधनातून, उडालेला थेंब सुकायला लागणारा वेळ त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो; थेंब निम्मा झाला की चौथ्या हिश्शाच्या वेळात सुकतो. बारीक थेंब मग वाटेतच सुकतात आणि मॉडेलवर भुकटी होऊन बसतात, पंखावर बोट फिरवलं तर खरखर लागते. अशा दिवसांत पहाटे काम करावं, एअरब्रश थोडा जवळ धरावा आणि रंगात सुकणं लांबवणारं रिटार्डर घालावं.

पावसाळ्यात तऱ्हा वेगळी. थिनरवाला लॅकर (पाण्याऐवजी थिनरमध्ये विरघळवलेला रंग) फवारला की थिनर झपाट्याने उडतो आणि जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्याच्या, खाली गेलं की दमट हवेतलं पाणी ओल्या रंगावरच जमतं. गडद रंगावर दुधी झाक दिसते ती त्यामुळे. ती आली म्हणून रंग खरवडू नये. कोरड्या हवेच्या दिवशी सावकाश उडणाऱ्या थिनरचा हलका फवारा दिला की वरचा थर पुन्हा विरघळतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि झाक बहुतेक वेळा नाहीशी होते.

आता हवाई दलाचं तिरंगी वर्तुळ. मॅट रंगावर डेकल (पारदर्शक पापुद्र्यावर छापलेलं चिकटवायचं चित्र) थेट चिकटवलं तर खालच्या सूक्ष्म खड्ड्यांत हवा राहते, ती प्रकाश विखुरते आणि पारदर्शक कड चंदेरी दिसू लागते. म्हणून आधी ग्लॉस वार्निशचा हात, त्यावर डेकल आणि ते पक्कं बसल्यावर सगळ्यावर मॅट वार्निश.