लोकरीतला माठ

पुण्यात ‘मिलिटरी कॅन्टीन’ म्हटलं की लोकांना स्वस्तातला मिक्सर आठवतो. मी रविवारी जुन्या बाजारात शोधतो ते कॅन्टीन वेगळं: सैनिकाच्या कमरेला लटकणारी पाण्याची बाटली.

दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश फौजेनं वापरलेली बाटली निळ्या इनॅमलची असते. इनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर वितळवून बसवलेली काच. पाणी लोखंडापर्यंत पोचतच नाही. पण बाटली आपटली की टवका उडतो आणि तिथून गंज धरतो. त्याआधी अमेरिकी यादवी युद्धात पत्र्याच्या बाटल्यांना कथलाचा मुलामा देत, म्हणजे आपली कल्हईच. पितळी पातेल्याची कल्हई गेली तर ताक कळकतं, एवढंच. लोखंडाचं दुखणं मोठं. मुलाम्याला चरा गेला की कथील शाबूत राहतं आणि लोखंड जास्तच वेगानं गंजतं.

खरी गंमत मात्र बाटलीवरच्या जाड लोकरीच्या आवरणात आहे. ते भिजवायचं आणि चालू लागायचं. एक लिटर पाणी १० अंशांनी थंड करायचं तर त्यातून सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना साधारण २.४ किलोज्यूल उष्णता शोषली जाते. म्हणजे हिशेबानं १७-१८ ग्रॅम पाणी पुरे, मोठा चमचाभर! प्रत्यक्षात जास्त लागतं, कारण बाहेरची गरम हवा बाटलीला सतत तापवत असते. कुंभारवाड्यातला माठ हेच करतो, फक्त त्याचं पाणी आतून पाझरतं. एप्रिलच्या कोरड्या दुपारी दोघंही खूश. जुलैत हवाच ओली, मग वाफ होणार कशी?

१८८६ मध्ये हॉल आणि एरू यांनी विजेच्या साहाय्यानं ॲल्युमिनियम काढायची पद्धत शोधली आणि हा महागडा धातू आवाक्यात आला. अमेरिकेची १९१० सालची बाटली त्याचीच. वजनाला हलकी, कमरेला बिलगणारी, आणि तिचा तळ ज्यात नेमका बसतो असा मग. ॲल्युमिनियमला चरा पडला तरी हवेत त्यावर ऑक्साइडचा पातळ थर लगेच पुन्हा धरतो. दुसऱ्या महायुद्धात मात्र ॲल्युमिनियम विमानांकडे वळलं आणि अमेरिकेला बाटल्यांसाठी स्टेनलेस स्टील वापरावं लागलं, चक्क इनॅमलही!

पुढे प्लॅस्टिक आलं. गंजत नाही, खणखणत नाही, पण विस्तवावर ठेवता येत नाही. उपयोगी असेल, पण मला त्यात जीव रमवता येत नाही.

मागच्या खेपेला एक निळी बाटली मिळाली. लोकरीला कसर लागलेली, शिवण उसवलेली. पैसे मोजत होतो, तोवर विक्रेत्यानं आवरणाला हात घातला.

“साहेब, हे फडकं काढून चकाचक करून देऊ?”

मी बाटली ओढूनच घेतली.