हाताने चालते, आपोआप नाही

"अहो, तुमची टाकी वाहतेय!" खालच्या मजल्यावरच्या काकूंची हाक आली तेव्हा मी दात घासत होतो. गच्चीवरची टाकी भरली की फोनवर मेसेज यावा म्हणून मी रास्पबेरी पाय नावाच्या एका जुन्या, छोट्याशा कॉम्प्युटरवर छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, बसवली आहे. चार महिने तिने इमानेइतबारे काम केलं. त्या रात्री पावसात लाईट गेली, इन्व्हर्टरनेही मान टाकली. पहाटे लाईट आली, सकाळी नेहमीसारखी मोटर लावली, आणि मेसेज काही आला नाही. यंत्र सुरू होतं, स्क्रिप्ट उठलीच नव्हती. लॉगिन करून हाताने चालवली तर गुणी बाळासारखी चालली. यंत्र रीबूट केलं, पुन्हा ढिम्म.

पडद्याआड राहून अशी कामं करणाऱ्या प्रोग्रॅमला युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या घराण्यात 'डीमन' म्हणतात. नाव भौतिकशास्त्रातून आलंय. १८६७ साली जेम्स क्लर्क मॅक्सवेलने एका चिमुकल्या द्वारपालाची कल्पना मांडली होती. दोन कप्प्यांच्या मधल्या दारात बसून तो वेगवान रेणू एका बाजूला सोडतो, मंद रेणू दुसऱ्या बाजूला. पुढे लोक त्याला 'मॅक्सवेलचा डीमन' म्हणू लागले. १९६३च्या सुमारास एमआयटीतल्या प्रोजेक्ट मॅक या संगणक-संशोधन गटाच्या मंडळींनी न थकता मागे राबणाऱ्या प्रोग्रॅमना तेच नाव दिलं, असं त्या गटातले फर्नांडो कोर्बातो यांनी नंतर सांगितलं. याच घराण्यातल्या लिनक्समध्ये यंत्र सुरू होताच कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, पहिला प्रोग्रॅम उठवतो तो 'इनिट', क्रमांक १. बाकीच्या सगळ्या डीमनना उठवायचं काम त्याचं. त्यासाठी प्रत्येकाची एक स्क्रिप्ट असते: सुरू कर, थांबव, जिवंत आहे का ते सांग.

माझ्या डीमनचीही होती. मात्र पहिल्या दिवशी मी ती हाताने सुरू केली होती आणि नंतर यंत्र कधी बंदच झालं नाही. आपोआप उठायची वेळ त्या रात्री पहिल्यांदाच आली.

लॉग, म्हणजे यंत्राची नोंदवही, उघडला. पहाटेच्या बूटपाशी, म्हणजे यंत्र सुरू झालं तिथे, एक ओळ होती: 'आधीच सुरू आहे, क्रमांक ७४२'. माझ्या रीबूटपाशी वेगळीच: 'आज्ञा सापडली नाही', आणि शेवटी कोड १२७, म्हणजे तेच, आकड्यात. लक्षण एक, दुखणी दोन!

पहिलं दुखणं भुताचं. एकाच डीमनच्या दोन प्रती चालू नयेत म्हणून स्क्रिप्ट सुरू होताना त्याचा प्रोसेस क्रमांक, म्हणजे चालू प्रोग्रॅमला कर्नल देतो तो नंबर, एका फाइलीत लिहून ठेवते, तिला पिड फाइल म्हणतात. डीमन नीट थांबला की फाइल पुसली जाते. लाईट गेल्यावर पुसणार कोण? म्हणून ही फाइल 'रन' फोल्डरात ठेवायची रीत आहे. ते फोल्डर हल्ली मेमरीत असतं, बूटबरोबर कोरं होतं. मी आळसाने ती घरच्या फोल्डरात ठेवली होती, तिथे ती टिकली. पहाटे स्क्रिप्टने ७४२ वाचला आणि कर्नलला विचारलं, हा जिवंत आहे का? होता. पण बूटनंतर क्रमांक पुन्हा १ पासून वाटले जातात, आणि या खेपेला ७४२ लॉगिनचं दार राखणाऱ्या सेवेकडे गेला होता. स्क्रिप्टला वाटलं आपलाच डीमन आहे. ती शून्य कोड देऊन, म्हणजे 'सगळं ठीक' असं सांगून, निघून गेली.

मग सकाळी हाताने कशी चालली? यातली गंमत कळायला मला अर्धा तास लागला. जिवंत आहे का, हे विचारायची आज्ञा म्हणजे 'किल', सिग्नल (प्रोसेसला पाठवायचा इशारा) शून्य देऊन. नाव भयंकर असलं तरी शून्याने कोणी मरत नाही, नुसती चौकशी होते. बूटच्या वेळी स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, अधिकारात होती, तिला उत्तर मिळालं: आहे. मी साधा युजर. दुसऱ्याच्या प्रोसेसची चौकशी केल्यावर कर्नलने सांगितलं: परवानगी नाही. स्क्रिप्टला 'परवानगी नाही' आणि 'असा कोणी नाही' यातला फरक कळत नव्हता. तिने डीमन मेला असं धरलं आणि नवा सुरू केला. म्हणजे जास्त अधिकार असलेला फसला आणि कमी अधिकारवाला चुकून तरला.

दुसरं दुखणं साधं, पण सर्रास दिसणारं. आपण लॉगिन करतो तेव्हा आपल्या सवयीचं घर मांडलेलं असतं. कुठल्या फोल्डरांत आज्ञा शोधायच्या याची 'पाथ' नावाची यादी त्यातलीच. बूटच्या वेळी यातलं फारसं काही नसतं. मेसेज पाठवणारी आज्ञा मी घरच्या फोल्डरात बसवली होती, बूटच्या त्रोटक यादीत तो पत्ता कुठून असणार? 'एन्व्ह' आज्ञेला 'वजा आय' दिलं की रिकाम्या घरातली ही अवस्था दिवसाढवळ्या उभी करता येते. सोबत शेलला, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, 'वजा एक्स' दिलं की स्क्रिप्ट प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवते. स्क्रिप्ट लिहिल्या दिवशी हे दोन मिनिटांत झालं असतं.

२०१० साली आलेल्या सिस्टमडी या नव्या इनिटने पिड फाइलींची कटकट पुष्कळशी मिटवली. तिथे डीमन थेट क्रमांक १चं मूल असतो, मेला की आईला लगेच कळतं, फाइलीत डोकवावं लागत नाही. सिस्टमडीवर शिव्यांचा पाऊस पडला, तो का ते मला समजतं, पण या एका गोष्टीसाठी माझा तिला पाठिंबा आहे. आता माझी टाकीही तिच्याच स्वाधीन आहे.

लॉगमधलं एक कोडं उरलं होतं. रात्री २:४० पर्यंतच्या ओळी आणि त्याखाली पहाटेचा बूट, वेळ मात्र २:१७. माझ्या रास्पबेरी पायमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही. तो दर तासाला १७व्या मिनिटाला वेळ फाइलीत टिपून ठेवतो. लाईट आल्यावर त्याने तिथूनच मोजायला सुरुवात केली आणि नेटवर खरी वेळ मिळेपर्यंत तो आदल्याच रात्रीत होता.