इच्छास्वातंत्र्य व देवाचे सार्वभौमत्व (ख्रिस्ती ईश्वरविद्या)

सर्व काही देवाच्या संकल्पानुसार घडत असेल, तर मनुष्याने केलेल्या निवडीला काय अर्थ उरतो आणि पापाची जबाबदारी त्याच्यावर कशी येते, हा ख्रिस्ती ईश्वरविद्येतील प्राचीन आणि अद्याप न मिटलेला प्रश्न आहे. सातारा व सांगली या भागांत तो मुख्यतः १९व्या शतकातील अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर आला. साताऱ्यात काँग्रिगेशनल परंपरेचे अमेरिकन मराठी मिशन आणि सांगली-मिरजेत प्रेसबिटेरियन मिशन काम करीत होते. हे दोन्ही प्रॉटेस्टंट पंथ असून त्यांचा वारसा १६व्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या पंथाचा असल्याने तेथील मराठी मंडळ्यांशी या प्रश्नाची ओळख प्रथम ‘देवाने केलेली निवड’, म्हणजे कोणाचे तारण व्हायचे हे देवाने आधीच ठरवले आहे, या सिद्धांताच्या रूपाने झाली.

पवित्र शास्त्रात दोन्ही बाजूंना आधार सापडतो. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ३०व्या अध्यायात मोशे लोकांपुढे जीवन व मरण ठेवून जीवन निवडण्यास सांगतो. रोमकरांस पत्राच्या ९व्या अध्यायात मात्र पौल मनुष्याला कुंभाराच्या हातातील मातीच्या जागी ठेवतो. मिसरचा राजा फारो याने स्वतःचे मन कठीण केले असेही ‘निर्गम’ या पुस्तकात म्हटले आहे आणि देवाने ते कठीण केले असेही. भावांनी विकून टाकलेल्या योसेफाच्या कथेत (उत्पत्ती ५०:२०) भावांचा दुष्ट हेतू आणि देवाचा कल्याणकारी हेतू एकाच घटनेत नांदतात. पुढील बहुतेक मांडण्या हा दुहेरीपणा टिकवण्याचा प्रयत्न करतात. ज्यांनी त्यातील एक बाजू पुसून टाकली, त्यांना चर्चने सहसा स्वीकारले नाही.

वादाला सैद्धांतिक रूप मिळाले ते ५व्या शतकात. मनुष्य स्वतःच्या बळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो, असे पेलेजियस या ख्रिस्ती उपदेशकाचे म्हणणे होते. त्यावर उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने असे प्रतिपादन केले की, आदामाच्या पतनानंतर मनुष्याची इच्छा नाहीशी झाली नसली तरी ती पापाकडेच ओढली जाते आणि देवाच्या कृपेवाचून चांगल्याची इच्छाही करू शकत नाही. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलेजियसची मते अमान्य केली. ५२९ च्या ऑरेंज येथील परिषदेने कृपेचे अग्रक्रमाचे स्थान मान्य केले, पण देवानेच कोणाला दुष्टतेसाठी नेमले आहे, हे मत मात्र नाकारले. धर्मसुधारणेच्या काळात विद्वान इरॅस्मस (१५२४) व धर्मसुधारक ल्यूथर (१५२५) यांच्या ग्रंथांतून हाच वाद पुन्हा पेटला. कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत १५४७ मध्ये असे ठरविले की, इच्छा दुर्बळ झाली असली तरी ती कृपेला साथ देऊ शकते आणि तिला नकारही देऊ शकते. प्रॉटेस्टंटांमध्ये डच ईश्वरविद्यावंत आर्मिनियस याच्या अनुयायांनी १६१० मध्ये, देवाची निवड ही त्याला आधीच ज्ञात असलेल्या श्रद्धेवर अवलंबून असते, असे मांडले. १६१८–१९ च्या डॉर्ट येथील धर्मसभेने ते फेटाळून निवड विनाअट असल्याचे जाहीर केले. पुढे मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने आर्मिनियसच्या बाजूने, देव प्रत्येकाला आधीच इतकी कृपा देतो की होकार देणे शक्य व्हावे, अशी भूमिका घेतली.

दक्षिणेतील श्रीवैष्णवांमध्येही, तारणासाठी जीवाचा स्वतःचा प्रयत्न लागतो की नाही, असा याच स्वरूपाचा मतभेद आहे: मांजरीचे पिल्लू आईने तोंडात धरून नेले जाते, तर माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट बिलगते. पहिला दृष्टांत कॅल्व्हिनच्या, तर दुसरा वेस्लीच्या मताशी बराच जुळतो.

निवड आधीच झालेली असेल, तर मिशनऱ्यांनी समुद्र ओलांडून उपदेश करावा कशासाठी? ही शंका वाटते तितकी भाबडी नाही. प्रेसबिटेरियन चर्चने प्रमाण मानलेल्या वेस्टमिन्स्टर येथील विश्वासकथनाचे (१६४६) उत्तर असे की, देव साध्याबरोबर साधनेही ठरवतो. त्यामुळे उपदेश, प्रार्थना व पश्चात्ताप ही संकल्पाचीच अंगे होत आणि देवाच्या संकल्पाने मनुष्याच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील ईश्वरविद्यावंत जोनाथन एडवर्ड्स याने १७५४ मध्ये त्याला अधिक धार दिली. हातपाय बांधलेला मनुष्य उठू शकत नाही, ही एक असमर्थता. ज्याला उठायचेच नाही त्याची असमर्थता निराळी. पापी मनुष्याची असमर्थता दुसऱ्या प्रकारची असल्याने तो दोषास पात्र ठरतो आणि त्याला तत्काळ पश्चात्तापाचे आवाहन करणेही सयुक्तिक ठरते. अमेरिकन मिशनच्या उभारणीमागे हीच विचारसरणी होती. मात्र ‘न इच्छिणे’ हेच जर देवाच्या संकल्पात असेल तर दोष कोणाचा, या आक्षेपाला एडवर्ड्सचे उत्तर पुरे पडते असे म्हणवत नाही.

कृष्णाकाठच्या श्रोत्याला निवडीचा सिद्धांत प्रारब्धासारखा भासणे स्वाभाविक होते, पण हे साम्य वरवरचे आहे. प्रारब्ध हे जीवाच्याच पूर्वकर्माचे फळ असते. निवडीत मात्र मनुष्याच्या कर्माचा हिशेब मुळीच धरला जात नाही आणि निवडणारा देव ही एक व्यक्ती आहे. दैववादी निष्क्रियता मिशनच्या व्यवहारातही आढळत नाही: प्रेसबिटेरियन मिशनचे डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, त्यामागे आजार देवाच्या अधीन असला तरी उपचार हे त्याने दिलेले साधन आहे, हीच धारणा होती. साताऱ्यात १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ स्थापन करणारे कवी ना. वा. टिळक तुकारामांच्या मार्गाने ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत. त्यांच्या भक्तीत संकल्पाच्या तर्कापेक्षा शरणागतीला अधिक स्थान होते, आणि दरबाराचे दार बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही खुले होते.

१९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये काँग्रिगेशनल व प्रेसबिटेरियन वारशाबरोबर वेस्लीच्या परंपरेतील मेथडिस्ट आणि त्यांच्याखेरीज बॅप्टिस्टही एकत्र आले. या चर्चने बालबाप्तिस्मा आणि स्वतःच्या विश्वासकबुलीनंतरचा बाप्तिस्मा हे दोन्ही वैध मानले आहेत.