फिल कॉलिन्सने कुणालाही बुडताना पाहिलं नव्हतं

ब्रिटिश गायक-ड्रमर फिल कॉलिन्सच्या 'इन द एअर टुनाइट' या गाण्याबद्दलची दंतकथा आजही फिरते: कुणीतरी बुडत होतं, काठावरचा माणूस नुसता बघत राहिला, कॉलिन्सने ते पाहिलं आणि पुढे कार्यक्रमात त्या माणसावर प्रकाशझोत टाकून हे गाणं म्हटलं. रॅपर एमिनेमनेही २००० साली 'स्टॅन' या गाण्यात तिचा उल्लेख केला.

यातलं काहीही घडलेलं नाही. पहिला संसार मोडत असतानाच्या संतापातून हे गाणं आलं. बहुतेक शब्द गाता गाताच सुचले, असं कॉलिन्सने अनेकदा सांगितलंय. बुडणाऱ्याला मदत न करण्याची ओळ त्यातलीच. लोकांनी ती शब्दशः घेतली.

जानेवारी १९८१ मध्ये आलेलं हे त्याचं एकट्याचं पहिलं सिंगल, म्हणजे अल्बमबाहेर सुटं काढलेलं गाणं. ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं, अमेरिकेत एकोणिसाव्या. मूळ गाण्यात साडेतीन मिनिटांहून जास्त वेळ ड्रम-मशीनची बारीक टकटक चालते आणि मग खरे ड्रम कोसळतात. इतका वेळ श्रोते थांबतील का, अशी अटलांटिक रेकॉर्ड्स या संगीत कंपनीच्या अहमेट एर्टेगुनला शंका होती, म्हणून सिंगलमध्ये आधीपासूनच जादा ड्रम घातले. मला विचाराल तर अल्बममधलंच ऐका. अंगावर काटा येतो तो त्या ताणून धरलेल्या शांततेमुळे. त्याला खुनशी गोष्टीची गरजच नाही.