एकाच होडीवरचे दोन साक्षीदार

टायटॅनिकवरचा सगळ्यात प्रामाणिक चित्रपट कोणता, असं विचारलं की जाणकार आजही १९५८ च्या 'अ नाइट टू रिमेंबर'चं नाव घेतात. निर्माते विल्यम मॅक्विटी यांनी ३१ मे १९११ ला बेलफास्टमध्ये, लहानपणी, हे जहाज पाण्यात उतरताना पाहिलं होतं. सेट मूळ आराखड्यांवरून उभारले होते. सल्लागार तर चक्क टायटॅनिकचे चौथे अधिकारी जोसेफ बॉक्सहॉल! एवढं करूनही शेवट चुकला. चित्रपटात जहाज अखंड बुडतं. प्रत्यक्षात बुडता बुडता ते मोडलं होतं.

दोष चित्रपटवाल्यांचा नाही. कथेचे नायक, दुसरे अधिकारी चार्ल्स लाइटोलर यांनी १९१२ च्या चौकशीत जहाज शेवटपर्यंत अखंड होतं असं ठासून सांगितलं होतं, आणि ब्रिटिश चौकशीने तेच ग्राह्य धरलं. लाइटोलर एका उलटलेल्या होडीवर चढून वाचले. त्याच होडीवर जॅक थेअर हा १७ वर्षांचा अमेरिकन मुलगाही होता. तो म्हणत होता, जहाज मोडलं. वाचलेल्यांना घेऊन निघालेल्या कार्पेथियावर त्याच्या सांगण्यावरून काढलेली रेखाचित्रं वर्तमानपत्रांत छापूनही आली. त्यांत पुढचा तुकडा पुन्हा पाण्यावर आलेला दिसतो, ते काही खरं नाही. पण मुख्य मुद्दा पोराचाच बरोबर होता. अमावास्येच्या आसपासची काळोखी रात्र, त्यात जहाजावरचे दिवे नेमके मोडण्याच्या सुमाराला गेले. अशा अंधारात कोणाला काय दिसलं यावर भांडण्यात अर्थ नाही. मात्र अधिकाऱ्याचा शब्द वजनदार ठरला, हे खरं.

आता यामागचं गणित पाहू. तरंगणाऱ्या जहाजाच्या प्रत्येक भागाचं वजन खालचं पाणी कमीअधिक पेलत असतं. टायटॅनिक २६९ मीटर लांब होतं आणि त्याचे १६ जलरोधक कप्पे होते. पुढचे चार भरले तरी ते तरंगलं असतं. हिमनगाने त्याहून जास्त कप्पे उघडे पाडले. पुढचा भाग खाली गेला, मागचा वर उचलला गेला, आणि अवजड इंजिनं, पंखे असलेला तो भाग बघता बघता अधांतरी झाला. टेबलाच्या कडेबाहेर लोखंडी पट्टी काढून टोकाला वजन टांगा, ती कडेशी वाकते. जहाजाचंही तसंच झालं: वरचे डेक ताणले गेले, तळ दाबला गेला, आणि तिसऱ्या धुराड्याच्या आसपास सांगाड्याने हार मानली. हीच पट्टी उभी धरली, तर तेच वजन तिला वाकवत नाही. म्हणून जहाज सरळ उभं राहून मग मोडलं, ही कल्पना पटत नाही. १९९७ च्या चित्रपटाने मोडणं दाखवलं हे चांगलंच, पण त्यातलं शेपूट मला जरा जास्तच उंच गेलेलं वाटतं.

साक्षीपुराव्यापेक्षा गणित सरस ठरल्याचं आणखी एक उदाहरण त्याच चौकशीत आहे. हिमनगाने जहाजाला ३०० फुटांची लांबच लांब चीर पाडली, असा समज कित्येक वर्षं होता. टायटॅनिक बांधणाऱ्या हारलँड अँड वोल्फ कंपनीचे नौकाअभियंता एडवर्ड वाइल्डिंग यांनी पाणी किती वेगाने भरलं यावरून हिशेब मांडला. सगळी भोकं मिळून जेमतेम १२ चौरस फूट! एवढं क्षेत्रफळ ३०० फुटांवर पसरलं तर चिरेची रुंदी अर्धा इंच भरते. म्हणजे सलग चीर नव्हतीच, पत्र्यांचे सांधे जागोजागी उघडले होते. १९९६ मध्ये चिखलात रुतलेल्या भागाची ध्वनिलहरींनी तपासणी झाली, तेव्हा सहा अरुंद फटी सापडल्या. एकूण क्षेत्रफळ वाइल्डिंग यांच्या आकड्याच्या जवळपासच निघालं.

अवशेष सापडले १ सप्टेंबर १९८५ ला. रॉबर्ट बॅलार्ड आणि जाँ-लुई मिशेल यांच्या चमूला सुमारे ३,८०० मीटर खोलीवर आधी एक बॉयलर दिसला, मग जहाज, तेही दोन तुकड्यांत, एकमेकांपासून सुमारे ६०० मीटरवर. पुढचा तुकडा पाण्याने आधीच भरला होता, त्यामुळे तो बराचसा ओळखू येतो. मागच्यात हवा कोंडलेली होती; खाली जाताना वाढत्या दाबाने त्याचा चेंदामेंदा झाला. बॉक्सहॉल यांनी त्या रात्री काढलेलं आणि बिनतारी संदेशांतून गेलेलं स्थान इथून सुमारे १३ सागरी मैल दूर होतं. १९६७ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या अस्थी त्याच चुकीच्या स्थानावर विसर्जित केल्या गेल्या. खरी जागा तोवर कोणालाच ठाऊक नव्हती.

मोडण्याची सुरुवात वरून झाली की तळातून, आणि तेव्हा जहाज किती कललं होतं, हा वाद मिटलेला नाही. २००५ मध्ये दुहेरी तळाचे दोन मोठे तुकडे मुख्य अवशेषांपासून वेगळे पडलेले सापडले. त्यांच्या तुटलेल्या कडा तपासून काहींनी जहाज आपण समजतो त्याहून बऱ्याच कमी कोनात कललेलं असतानाच मोडलं, असा निष्कर्ष काढला. इतरांच्या मते ताण आधी वरच्या डेकवर आला आणि तळ शेवटी फाटला.