नखातला डीएनए आणि बेवारस मृतदेहाची ओळख : पार्श्वभूमी

नाशिकजवळ गोदावरीच्या पात्रात किंवा गंगापूर धरणात चार-सहा दिवस राहिलेल्या मृतदेहाची कातडी हातमोज्यासारखी सुटून येते. बोटांचे ठसे मिळणे अवघड होते, रक्त कुजलेले असते. उरतात हाडे, दाढा आणि नखे. हाडाची भुकटी करून डीएनए काढणे हे दिवसांचे काम. नखाला तेवढा खटाटोप लागत नाही.

१९८४ साली इंग्लंडमधल्या लेस्टरला डीएनए ठशांचा शोध लागला, तेव्हा तपासणीला नमुना बराच लागे. पीसीआर, म्हणजे थोड्याशा डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याचे तंत्र, आल्यावर नखाचे कात्रणही पुरेसे ठरू लागले. मात्र नख ज्याचे बनते ते केराटिन हे प्रथिन चिवट असते. प्रथिने तोडणाऱ्या नुसत्या प्रोटिनेज-के या विकराने ते नीट विरघळत नाही, त्यातले गंधकाचे बंध तोडायला जोडीला डीटीटी हे रसायन घालावे लागते.

खरा वाद नख धुण्याचा. ओळख पटवायची तर नख स्वच्छ हवे, नाहीतर दुसऱ्याचा डीएनए मिसळून येतो. पण झटापट झाली असेल, तर हल्लेखोराच्या पेशी त्याच नखाखालच्या मळात असू शकतात, आणि धुतले की पुरावा गेला. शवविच्छेदनाच्या वेळी नोंद बहुधा अकस्मात मृत्यूचीच असते. खुनाचे कलम लागलेच तर नंतर लागते. तोवर थांबून कसे चालेल? म्हणून हाताच्या नखांखालचा मळ आधी स्वॅबवर (निर्जंतुक कापसाच्या काडीवर) घ्यावा आणि ओळखीसाठी पायाची नखे कापावीत, हाच मार्ग शहाणपणाचा. नखे कोरड्या कागदी पाकिटात वेगळी सीलबंद करावीत. व्हिसेराच्या, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या अंतर्गत अवयवांच्या बरणीत त्यांचे काम नाही, ऊती टिकवणाऱ्या फॉर्मालिनमध्ये तर नाहीच.

कायद्यात नखे आली २००५ च्या दुरुस्तीने. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५३ च्या स्पष्टीकरणात रक्त, थुंकी, घाम, केस यांच्याबरोबर बोटांच्या नखांची कात्रणेही आली. आता तीच तरतूद तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ मध्ये आहे. पण ही नखे अटकेतल्या आरोपीची. मृतदेहाची नखे घ्यायची ती मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदनाच्या आधारे. अनोळखी मृत आणि बेपत्ता व्यक्तींच्या डीएनए नोंदींची तरतूद २०१९ च्या डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयकात होती. ते २०२३ मध्ये मागे घेतले गेले, आणि त्याचा फटका नाशिकसारख्या तीर्थक्षेत्रांच्या जिल्ह्याला जास्त बसतो. नखातून प्रोफाइल, म्हणजे त्या व्यक्तीचा डीएनए नकाशा, निघते, पण ती जुळवायला आई-वडिलांचे किंवा मुलांचे रक्त लागते. मृत माणूस त्र्यंबकला आलेला परराज्यातला यात्रेकरू असेल, तर ते मागायचे कोणाकडे, हेच तपास अधिकाऱ्याला आधी शोधावे लागते.