स्वातंत्र्यसेनानीवर टपाल तिकीट निघावे म्हणून प्रस्ताव कसा पाठवायचा

लोकमान्य टिळकांचा जन्म 23 जुलै 1856 चा. त्यांच्यावरचे दोन आण्यांचे तिकीट आले 23 जुलै 1956 ला. गोपाळ कृष्ण गोखले 9 मे 1866 चे, त्यांचे तिकीट 9 मे 1966 चे. व्यक्तींवरची स्मारक तिकिटे सहसा अशी जन्मशताब्दी किंवा एखादी मोठी पुण्यतिथी धरूनच निघतात. त्यामुळे प्रस्तावाची तयारी करताना आधी कॅलेंडर उघडा, मग अर्ज लिहायला घ्या.

टपाल खात्याच्या नियमाप्रमाणे प्रस्ताव नियोजित तारखेच्या किमान दोन वर्षे आधी पोहोचावा लागतो. शताब्दी ऑगस्ट 2030 मध्ये असेल, तर कागद ऑगस्ट 2028 पूर्वी दिल्लीत हवेत. आमच्या भागातल्या एका मंडळाला शताब्दी आठ महिन्यांवर आल्यावर तिकिटाची आठवण झाली. माणूस मोठा होता, कागदपत्रेही चांगली होती, पण वेळ निघून गेली होती. ते पाहून फार वाईट वाटले, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

दोन वर्षे कशाला लागतात? आलेले प्रस्ताव फिलाटेलिक (म्हणजे टपाल तिकिटांविषयीच्या) सल्लागार समितीपुढे जातात. समिती शिफारस करते आणि अंतिम मंजुरी दळणवळण मंत्र्यांची असते. त्यानंतर चित्र, त्याची तपासणी आणि छपाई. आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये 1925 पासून हे काम चालत आले आहे. स्मारक तिकीट साधारणपणे एकदाच छापतात, रोजच्या वापरातल्या तिकिटांसारखे पुन्हा पुन्हा नाही. म्हणून चित्रातली किंवा नावातली चूक मागाहून सुधारता येईल, या भरवशावर राहू नका.

प्रस्ताव कोणीही भारतीय नागरिक पाठवू शकतो. संस्था, ग्रामपंचायत किंवा आमदारांचे पत्रच हवे असे नाही. ज्यांच्यावर तिकीट मागायचे ती व्यक्ती मात्र हयात नसावी. महर्षी कर्वे यांच्यावर 18 एप्रिल 1958 ला त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी तिकीट निघाले, तेव्हा ते हयात होते. पण तो विरळा अपवाद, त्याचा दाखला देऊन आज काही साधणार नाही. दुसरी अट म्हणजे कार्य राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे असावे. आपल्याकडचे बहुतेक प्रस्ताव लंगडे पडतात ते इथेच, असे मला वाटते. ‘तालुक्याचे भूषण’, ‘थोर देशभक्त’ असे लिहून समितीला काही कळत नाही. साताऱ्याच्या प्रतिसरकारात किंवा 1955 च्या गोवा सत्याग्रहात त्यांनी नेमके काय केले, कोणती जबाबदारी घेतली, किती शिक्षा भोगली आणि देशाच्या लढ्यावर त्याचा काय परिणाम झाला, ते साध्या शब्दांत सांगा.

त्यासाठी पुरावा गोळा करावा लागतो, आणि खरी मेहनत तीच. जन्म-मृत्यूच्या तारखांचा दाखला, तुरुंगाच्या नोंदी, स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनाचा आदेश, ताम्रपट, त्या काळच्या वर्तमानपत्रांची कात्रणे यांतले जे मिळेल ते जोडा. घरातल्या ट्रंका आधी पाहा. मग मुंबईचे पुराभिलेखागार, पुण्याचे पेशवे दफ्तर आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ. जन्मतारीख दोन ठिकाणी वेगळी निघाली तर ती लपवू नका, कोणती धरली आणि का, हे लिहा. शताब्दीचे सगळे गणित तिच्यावरच उभे असते. दोन पानांचे चरित्र इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावे, मराठी कागदांचा गोषवारा सोबत जोडावा. छायाचित्र स्पष्ट हवे, आणि ते ज्यांच्या मालकीचे आहे त्यांची लेखी संमती घेऊन ठेवावी. कुटुंबीयांचे संमतिपत्रही जोडलेले बरे.

प्रस्ताव फिलाटेली विभाग, टपाल विभाग, डाक भवन, संसद मार्ग, नवी दिल्ली 110001 या पत्त्यावर जातो. स्पीड पोस्टने पाठवा, पावती फाइलला लावा. प्रस्ताव गेला म्हणजे तिकीट निघालेच असे नाही. वर्षभरात निघणाऱ्या तिकिटांची संख्या मर्यादित असते आणि मागण्या देशभरातून येतात.

तिकीट नाही मिळाले तरी दोन वाटा उरतात. एक म्हणजे विशेष आवरण, म्हणजे त्या निमित्ताने छापलेले पाकीट, त्यावर त्या दिवसाचा खास शिक्का. हे काम परिमंडळाच्या, म्हणजे टपाल खात्याच्या प्रादेशिक विभागाच्या, पातळीवर होते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईच्या मुख्य पोस्टमास्तर जनरल कार्यालयाकडे अर्ज करावा. गावच्या हुतात्मा दिनासाठी मला ही वाट फार योग्य वाटते. दुसरी वाट 2011 मध्ये सुरू झालेल्या ‘माय स्टॅम्प’ची. त्यात खऱ्या तिकिटाशेजारी आपण दिलेले छायाचित्र छापून मिळते. त्यासाठी अर्ज, छायाचित्र आणि ओळखपत्राची प्रत लागते. मात्र हे सरकारने काढलेले स्मारक तिकीट नव्हे. कार्यक्रमपत्रिकेत तसे छापू नका, लोकांची दिशाभूल होते.

आणि मंजुरी आलीच, तर आधीच जवळच्या मुख्य टपाल कार्यालयात किमान 200 रुपये भरून फिलाटेली ठेव खाते उघडून ठेवा. नवी तिकिटे आणि प्रथम दिवस आवरणे (तिकीट निघाल्याच्या दिवसाचा शिक्का मारलेली पाकिटे) त्या खात्यातून घरपोच येतात. तिकिटासोबतच्या माहितीपत्रकाची एक प्रत गावच्या शाळेसाठी आठवणीने मागवा.